हिरवं की गुलाबी?

मराठी माणसाला स्वतः रंग निवडायची वेळ आयुष्यात फार थोड्या वेळा येते. भिंतींचा रंग रंगारी ठरवतो, पडद्यांचा बायको ठरवते आणि शर्टाचा रंग तिसऱ्या धुण्यानंतर आपोआप ठरतो. त्यामुळे मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातला पोऱ्या जेव्हा “कूलंट कुठलं देऊ, हिरवं की गुलाबी?” असे विचारतो, तेव्हा आपला चेहरा साड्यांच्या दुकानात एकट्याच सापडलेल्या नवऱ्यासारखा होतो. हिरवे म्हणावे तर तो निळेही काढून दाखवतो. निळ्याकडे पाहावे तर मागून नारिंगी डोकावत असते. फळीवर वाळ्याची, गुलाबाची, संत्र्याची सरबते मांडावीत तसा तो थाट. किंमत विचारली की मात्र सरबताचा भास जातो आणि घशाला खरीच कोरड पडते.

ही वेळ माझ्यावर आली ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाडीपायी. त्यांची पद्मिनी 1986 सालची. तिला आता चाळिशी लागली आहे, आणि तिच्या पुढच्या दिव्यांचा उजेड पाहिला तर ती शब्दशः लागली आहे असेच वाटते. त्या काळी मोटार घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट पाहत बसायचे. गाडी दारात आली तेव्हा अण्णांनी वाड्यात पेढे वाटले. माझ्या दहावीच्या निकालाला साखर वाटली होती. यावरून आमच्या घरातली ज्येष्ठता लक्षात यावी.

अण्णा आज 86 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे बंद केले. गाडीत बसणे बंद करायला ते विसरले. त्यामुळे रोज सकाळी अर्धा तास अण्णा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालकाच्या जागी बसून पेपर वाचतात आणि शेजारून कोणी वेडीवाकडी स्कूटर काढली तर हॉर्न वाजवतात. 

यंदा दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर त्यांनी जाहीर केले, “भाऊबीजेला अक्काकडे जायचं.”

अक्का म्हणजे माझी आत्या. वय 91, मुक्काम पाचगणी. ती घाट उतरून खाली येत नाही आणि अण्णा वर गेलेले नाहीत, याला सहा वर्षे झाली. दर रविवारी फोन असतो. दोघांनाही कमी ऐकू येत असल्यामुळे तो संवाद नसून दोन स्वतंत्र भाषणे असतात. पण त्या रविवारच्या भाषणात आत्या म्हणाली होती, “बाळ, पुढच्या भाऊबीजेचं कुणी सांगावं!” ते वाक्य अण्णांना बरोब्बर ऐकू आले होते.

माझ्या भाच्याने लगेच आपली नवी गाडी देऊ केली. तो चाकणला मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या गाडीत गारवा आहे, गाणी आहेत, आणि मागे जाताना ती स्वतःच ओरडते. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गेलो तर माझ्या गाडीतून जाईन. नाहीतर अक्काला म्हणावं फोनवरून ओवाळ.”

आता पुणे ते पाचगणी म्हणजे वाटेत खंबाटकी, आणि वाई सोडल्यावर पसरणीचा घाट. आणि आमची गाडी गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावर, जिथे चढ औषधालाही नाही, तिथे सिग्नलला उभ्या उभ्या वाफ सोडून मोकळी झाली होती. हातात दिवस होते बावीस.

गाडी ‘उकळणे’ म्हणजे काय हे आजच्या मुलांना पुस्तकात वाचावे लागेल. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा होण्याआधी मे महिन्यात बोरघाटातून गेलेल्यांना ते सांगावे लागत नाही. खोपोली सुटली की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग दिसायची, नदीकाठी मगरींनी जबडे वासून पडावे तशी. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकायचे. ज्या धनगराने इंग्रजांना हा घाट दाखवला असे सांगतात त्याचे ते देऊळ. पण देवाला नाणे आणि रेडिएटरला पाणी हे दोन्ही विधी वेगळे, एकाने दुसऱ्याचे काम भागत नसे. आमच्याकडे प्रवासात आत्याची जागा मागच्या बाकावर खिडकीशी, आणि तिच्या मांडीवर पाण्याने भरलेली तांब्याची कळशी. कळशी माणसांसाठी नसे. माणसांना तहान लागली तर “थांबा, आधी गाडीला लागेल,” असे ती दरडावत असे. गाडी उकळली की अर्धा तास नुसते बसायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही हा अण्णांचा दंडक होता आणि तो शंभर नंबरी खरा. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते कारंज्यासारखे तोंडावर येते. कुकरची शिट्टी न काढता झाकण उचकटण्यातला हा प्रकार.

शाळेत शिकवतात की पाणी 100 अंशांना उकळते. ते समुद्रकाठी. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंच, इथे ते 98 लाच उकळते. पुणेकर मुंबईकरापेक्षा लवकर उकळतो या जुन्या अनुभवाला भौतिकशास्त्राचा हा असा भक्कम पाया आहे. पाचगणी 1300 मीटरच्या आसपास, तिथे जेमतेम 96. म्हणजे चढावर इंजिन तापत जाणार आणि त्याच वेळी पाण्याची सहनशक्ती कमी कमी होत जाणार. संसारात नेमके असेच होते, पण तो विषय वेगळा.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये परिषद भरली. एका बाजूला आमचे मिस्त्री. गेली पस्तीस वर्षे या गाडीचे पोट त्यांच्याशिवाय कोणी उघडलेले नाही. दुसऱ्या बाजूला भाचा, हातात मोबाइल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मध्ये अण्णा, खुर्चीवर.

“अण्णासाहेब,” मिस्त्रींनी तोंड उघडले, “इंजिन थंड करायला पाण्यासारखी दुसरी चीज नाही. हे कूलंट-बिलंट मोठ्या लोकांचे चोचले.”

आता जुंपणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. वरच्या गॅलरीतले जोशी तर चहाचा कप घेऊन कठड्याशी आले. पण भाचा म्हणाला, “काका, अगदी बरोबर. नुसती उष्णता वाहून न्यायची तर पाणी कूलंटपेक्षा सरस.”

सगळ्यांचा विरस झाला. मिस्त्रींचा सर्वांत जास्त. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला ‘तुमचंच खरं’ म्हणण्याइतका दुष्टपणा नाही.

“मग ते घालायचं कशाला?” अण्णांनी विचारले.

“आजोबा, त्याचं नावच मुळात फसवं आहे. थंड करायचं काम पाणीच करतं. कूलंट आहे ते इंजिन आतून कुजू नये म्हणून.” आणि मग त्याने जे सांगितले ते मला प्रथमच नीट कळले. आमच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनिअमचे आणि रेडिएटर तांब्यापितळेचा. तीन धातू एकाच पाण्यात बुडवून ठेवले की त्याची आपोआप बॅटरी होते आणि त्यातला एक धातू दुसऱ्याला खाऊ लागतो. म्हणजे एकत्र कुटुंबच. शिवाय पाण्यातल्या हवेने बीड गंजते. पाणी बोअरचे असेल तर गीझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा क्षार आत धरतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. कूलंटमध्ये मुख्य द्रव्य ग्लायकॉल. त्याने उकळबिंदू वर जातो, निम्मेनिम्म केले तर 107 अंशांच्या आसपास. झाकणाच्या दाबाने त्याच्याही वर. थंड देशात त्याने पाणी गोठत नाही, पण पुण्याच्या थंडीत गोठतात ती फक्त माणसांची कामे. खरा जीव असतो त्यात मिसळलेल्या गंजरोधक औषधात. बाकी सगळा रंग.

“आणि रंगाचं काय?” मी विचारले. माझ्या डोळ्यांपुढे दुकानातली फळी होती.

“रंग मामा, कुठल्याही कंपनीने कुठलाही घालावा. त्याला नियम नाही. एकाचं हिरवं नि दुसऱ्याचं हिरवं आतून वेगळं असू शकतं.”

म्हणजे इतके दिवस लोक ज्यावरून वाद घालत होते त्याला अर्थच नव्हता. मला हे ऐकून काहीच नवल वाटले नाही. आपल्याकडचे बहुतेक वाद असेच असतात. पाहायची ती बाटलीच्या मागची बारीक अक्षरे, जी वाचायला मला चाळिशी लावून बाटली हातभर लांब धरावी लागते. जुन्या पद्धतीच्या द्रव्यात सिलिकेट, फॉस्फेट असले क्षार असतात. ते धातूवर चटकन पातळ थर धरतात, पण लवकर संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. नव्यात सेंद्रिय आम्ले असतात, ती पाच वर्षेही टिकतात. पण ती नव्या, ॲल्युमिनिअमच्या रेडिएटरांसाठी. आमच्यासारख्या तांब्यापितळेच्या, शिशाच्या डागांनी जोडलेल्या म्हाताऱ्या रेडिएटरला जुने औषधच मानवते असा जाणत्यांचा सल्ला. आणि दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. मिसळली तर एकमेकांचा गुण घालवतात आणि कधीकधी आत गाळ धरतो. ॲलोपथी आणि काढा एकदम घेणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांची आठवण झाली.

तेव्हा ठरले : जुन्या जातीचे, आणि बाटलीवर ‘तयार’ असे लिहिलेले नको, घट्ट हवे. त्याचा एक भाग आणि शुद्ध पाण्याचे दोन. यापेक्षा पातळ केले तर गंज रोखायची ताकद राहत नाही. शुद्ध पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. मी त्याचे दोन डबे घरात आणले तेव्हा सौभाग्यवतीने एकच वाक्य उच्चारले, “माणसांना टँकरचं आणि गाडीला बाटलीचं!” त्याला उत्तर नव्हते. ते औषध रंगाने हिरवे निघाले, पण तो योगायोग समजावा.

पण नवे घालायचे तर आधी जुने काढायला हवे, आणि खरी कथा तिथे आहे.

रेडिएटरखालची चावी सोडली तेव्हा पहिल्यांदा जे बाहेर आले ते पाहून जोशी वरून म्हणाले, “वा! अमृततुल्य!” रंग अगदी तोच, साय तेवढी कमी. इंजिनाच्या कुशीत निचऱ्याचा आणखी एक बोल्ट असतो. तो बहुधा कारखान्यानंतर कोणी हातात धरलेला नव्हता. तेल पाजून, ठोकून, शेवटी मिस्त्रींनी देवाचे नाव घेऊन तो फिरवला. आणि काहीच आले नाही. भोकात तार घालून ढोसल्यावर तांबडा चिखल थबकत थबकत बाहेर पडला. मग पाइप लावून धुणे सुरू झाले. तिसऱ्या धुण्याला पाणी एकदम पिवळेजर्द आले.

भाचा दचकला. “हे काय? हा कुठला ॲडिटिव्ह?”

अण्णा खुर्चीवरून उठून वाकून बघू लागले. “सांगलीची,” ते म्हणाले. “1994. खंबाटकीत रेडिएटर गळायला लागला. अक्काच्या पिशवीत लोणच्यासाठी घेतलेली हळद होती. ती टाकली.”

भाच्याला वाटले आजोबा थट्टा करताहेत. पण मिस्त्रींनी गंभीरपणे मान हलवली. घाटात रेडिएटरला बारीक भोक पडले तर हळद टाकायची ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. ती पाण्यात फुगते आणि भोकात जाऊन बसते. तेवढ्यापुरते काम भागते. पुढे मात्र ती चांगल्या नळ्यांतही जाऊन बसते. वाहत्या पाण्यातून ती केव्हाच गेली असणार, पण कोपऱ्यातल्या गाळाखाली तिने तीस वर्षे घर केले होते. मी मनात म्हटले, गाडीला हळद लागलेली आम्हाला कळलीच नाही.

हळद, गंज, क्षार सगळे निघाले, रेडिएटर लखलखला आणि चार ठिकाणी गळू लागला. जी घाण आपण काढली तीच भोके बुजवून बसली होती. मिस्त्रींना इतका आनंद झालेला मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. “म्हटलं नव्हतं? जुन्या घराची जळमटं काढू नये, भिंत पडते!” पण बोलून होताच त्यांनीच तो रेडिएटर खांद्यावर टाकला आणि आपल्या ओळखीच्या रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी उघडून एकेका नळीतून सळई फिरवली, चार डाग दिले, हवा भरून हौदात बुडवून बुडबुडे पाहिले. तीन दिवसांनी रेडिएटर परत आला तेव्हा मिस्त्री जणू ही कल्पना त्यांचीच असल्यासारखे बोलत होते.

तेवढ्यात भाच्याला आणखी एक शोध लागला : गाडीत थर्मोस्टॅटच नाही! हा एक छोटासा दरवाजा. इंजिन गार असेतो तो बंद राहतो आणि 80 अंशांच्या पुढेमागे तापले की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. मिस्त्रींनी तो 1991 साली ‘पाण्याला अडथळा’ म्हणून काढून टाकला होता. एका पिढीने किती गाड्यांचे थर्मोस्टॅट असे काढून टाकले याची मोजदाद नाही. तो नसला की इंजिन थंडच पळते, पेट्रोल जास्त पिते. नवा शोधायला भाचा आणि मिस्त्री दोघे मिळून जुन्या बाजारात गेले आणि येताना भेळ खाऊन आले. तिथून पुढे ते एकमेकांना ‘काका’ आणि ‘इंजिनिअर’ म्हणू लागले. नळ्याही बदलल्या. जुन्या नळ्या दाबल्या तर शिळ्या भाकरीसारख्या मोडत होत्या.

भरण्याचा दिवस धनत्रयोदशीचा निघाला. हा मुहूर्त कोणी काढला नव्हता, नळ्यांचे क्लिप त्या दिवशी मिळाले. सोसायटीच्या उतारावर गाडीचे तोंड वर करून ठेवली, म्हणजे आतली हवा झाकणातून निघते. गार इंजिनात हळूहळू ओतायचे, मग झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू करायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची. ओतताना कपभर खाली सांडले आणि शेजारच्या बिऱ्हाडाचे कुत्रे शेपूट हलवत आले. भाचा ओरडला, “आजोबा, त्याला हाकला! हे गोड असतं आणि विष असतं!” खरोखरच तसे आहे. ग्लायकॉल चवीला गोड, मांजराचा जीव जायला चमचाभरही पुरतो आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडांची वाट लागते. तेव्हा जमीन धुऊन, माती टाकून, ती पुसून होईपर्यंत अण्णा काठी घेऊन त्या डबक्यावर उभे होते. कुत्रे हलेना, अण्णाही हलेनात. शेवटी वरच्या जोशींनी चकलीचा तुकडा टाकला तेव्हा पेच सुटला. उरलेली बाटली मी माळ्यावर, बुचावर चिकटपट्टी मारून ठेवली आहे. वर मोठ्या अक्षरात ‘सरबत नव्हे’ असे लिहिले आहे.

बारा-पंधरा मिनिटांनी वरची नळी एकदम गरम झाली. मिस्त्रींनी भाच्याचा हात धरून त्या नळीवर ठेवला. “उघडला बघ दरवाजा, इंजिनिअर.” कुणाच्या गाडीत कुणी बाळाची नाडी दाखवावी तसे.

भाऊबीजेला पहाटे निघालो. चालवायला मी, शेजारी अण्णा, मागे सौभाग्यवती, करंज्यांचा डबा आणि मिस्त्री. मिस्त्रींना कोणी बोलावले नव्हते, ते येऊन बसले होते. खंबाटकी चढताना कोणी बोलले नाही. अण्णांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिले नाही. त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही म्हटले असले तरी तो काटा त्यांना स्वच्छ दिसत होता. “अर्ध्यावर,” ते दर वळणाला सांगत. “अर्ध्यावर.” पसरणीच्या घाटात मधल्या वळणावर एक कोरीकरकरीत गाडी बॉनेट उघडून उभी होती. अण्णांनी मला थांबायला लावले. काच खाली करून त्यांनी त्या तरुणाला विचारले, “गरम झाली का?” त्याचे पेट्रोल संपले होते. अण्णा थोडे हिरमुसले, पण फार नाही.

आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. गाडी फाटकातून आत आली तशी ती भिंत धरत उठली. औक्षणाचे तबक सुनेच्या हातात होते, आत्याच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या.

“बाळ, आधी झाकण उघड हो,” ती म्हणाली. “गाडी तहानली असेल.”

“अक्का, तिला आता पाणी चालत नाही!” अण्णा तिच्या कानाशी ओरडले.

“काय चालत नाही?”

“पाणी! औषध घातलंय! हिरवं!”

आत्याने गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “पथ्याची झाली म्हण की. आपल्यासारखी.” मग तिने सुनेचा हात धरून दोन पायऱ्या उतरल्या आणि तांब्यातले अर्धे पाणी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर घातले. उरलेले अण्णांच्या पायांवर घातले, आणि म्हणाली, “ये आता आत. सहा वर्षं लागली होय रे घाट चढायला?”